ट्रेड परवडतो, सही महाग पडते

हॉकी म्हटलं की आपल्याकडे अजून खडकीचा धनराज पिल्लेच आठवतो आणि ते बरोबरच आहे, पण मी आज बोलतोय ती बर्फावरची हॉकी, एनएचएल ही अमेरिका-कॅनडातली लीग, आणि त्यातही खेळाबद्दल कमी, बाजाराबद्दल जास्त. इकडे टोरंटोच्या बाजूला मिसिसागाला राहायला आलो तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं मला हा खेळ झेपलाच नाही, पक (ती चपटी रबरी चकती) कुठे जातोय तेच दिसायचं नाही, पण ट्रेडच्या, म्हणजे टीमनी आपसात प्लेअर अदलाबदल करायच्या, गप्पा मात्र लगेच कळायला लागल्या, कारण त्या म्हणजे शुद्ध घासाघीस, आणि घासाघीस कळायला मराठी माणसाला स्केटिंग यावं लागत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मोठा ट्रेड झाला की सगळे विचारतात "कोण जिंकलं?" आणि त्याच रात्री दोन्ही टीमना मार्क देऊन मोकळे होतात. मला वाटतं ट्रेडच्या दिवशी फारसं काही बुडत नसतं. बुडतं ते नंतर, ज्या दिवशी आठ वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर सही होते त्या दिवशी. ट्रेडमध्ये जो माल हातात आला तो पुढे फिरवता येतो, सही केलेलं कागद गळ्यात पडतं. म्हणून ब्लॉकबस्टर ट्रेडची रिस्क मोजायची असेल तर "कोण आला, कोण गेला" एवढ्यावर थांबून चालत नाही, हे जमलं नाही तर बाहेर पडायची वाट आहे का ते बघायला लागतं.

रांतानेनचंच घ्या. २४ जानेवारी २०२५, शुक्रवारची रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी पोराला घेऊन रिंकवर, बाहेर मरणाची थंडी आणि आत त्याहून जास्त, काचेमागे आम्ही सात-आठ बाप हातात कॉफीचे कप घेऊन उभे. एरवी आपापलं पोर कुठे पडलंय ते बघत असतो, त्या दिवशी सगळ्यांच्या माना फोनमध्ये. कोलोराडोने मिको रांतानेनला देऊन टाकला होता. एका बापाने तर दोनदा विचारलं, नक्की तोच रांतानेन ना?

तोच. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये (दरवर्षी टीम आळीपाळीने नवीन पोरं निवडतात तो) दहाव्या नंबरवर घेतलेला फिनलंडचा उंचापुरा विंगर, २०२२ साली कोलोराडोला स्टॅनली कप, म्हणजे लीगचा किताब, जिंकून देणाऱ्यांतला एक, त्याच्या पुढच्या दोन सीझनमध्ये १०५ आणि १०४ पॉइंट (गोल आणि गोलासाठी दिलेले पास, म्हणजे असिस्ट, मिळून), आणि ट्रेड झाला त्या दिवशी ४९ मॅचमध्ये ६४. म्हणजे फॉर्म गेलाय म्हणून काढला असंही नाही. अडचण एकच, त्याचं वर्षाला ९.२५ मिलियन डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट त्या उन्हाळ्यात संपत होतं. एनएचएलमध्ये सॅलरी कॅप असते, म्हणजे सगळ्या प्लेअर्सचा मिळून पगार ठरलेल्या रकमेच्या वर जाऊ द्यायचा नाही, त्या वर्षी ती ८८ मिलियन डॉलर होती. कोलोराडोच्या मॅकिननला १२.६ मिलियन मिळतात, रांतानेनलाही त्याच्या आसपासचे पाहिजे असणार हे उघड होतं. करार झाला नाही आणि १ जुलै उजाडला की हा पठ्ठ्या फुकट कुठेही जायला मोकळा. तसं होण्याआधी काहीतरी पदरात पाडून घ्या, असा हिशोब.

सौदा तीन टीममध्ये झाला. कॅरोलायना हरिकेन्सला रांतानेन आणि शिकागोचा टेलर हॉल, कोलोराडोला मार्टिन नेचास, जॅक ड्रुरी आणि सेकंड आणि फोर्थ राउंडचे दोन पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये पोरं निवडायचे हक्क. शिकागोने काय केलं तर दुसऱ्याच्या लग्नातला अर्धा खर्च उचलला, म्हणजे रांतानेनचा अर्धा पगार आपल्या डोक्यावर घेतला, आणि बदल्यात आपलाच बाहेर गेलेला थर्ड राउंडचा पिक सोडवून आणला. हे पगार वाटून घ्यायचं प्रकरण मला फार आवडतं, आपल्याकडच्या भिशीवाल्यांना दिलं तर दोन वर्षांत अख्खी लीग चालवतील.

पुढे काय झालं ते हॉकी न बघणाऱ्यांनाही सांगण्यासारखं आहे. रांतानेन कॅरोलायनासाठी १३ मॅच खेळला, गोल २, असिस्ट ४. आठ वर्षांच्या करारावर सही करायला तयार होईना. ७ मार्चला ट्रेड डेडलाइन, म्हणजे त्या सीझनपुरते ट्रेड करायची शेवटची तारीख, त्याच दिवशी कॅरोलायनाने त्याला डॅलसला देऊन टाकला आणि बदल्यात लोगन स्टँकोव्हन नावाचा तरणा फॉरवर्ड, दोन फर्स्ट राउंड पिक आणि दोन थर्ड राउंड पिक घेतले. डॅलसने लगेच आठ वर्षं, ९६ मिलियन. वर्षाला १२.

सगळीकडे कॅरोलायनाची टर उडवली गेली. सहा आठवड्यांत एवढा मोठा प्लेअर आणला काय आणि घालवला काय, नेचासही गेला, हसं झालं वगैरे. माझं मत बरोबर उलटं आहे. त्या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात शहाण्यासारखं कोणी वागलं असेल तर ते कॅरोलायनाच.

कारण त्यांचं तोंड एकदा दुधाने पोळलेलं होतं. आदल्या वर्षी, मार्च २०२४ मध्ये, त्यांनी पिट्सबर्गकडून जेक गेन्झल आणला, बंटिंग नावाचा प्लेअर दिला, वर तीन तरुण पोरं आणि पिक दिले. गेन्झल प्लेऑफ खेळला, उन्हाळा आला, करार काही झाला नाही, शेवटी त्याच्याशी बोलणी करायचे नुसते हक्क टँपाला दिले आणि मिळाला काय, तर एक थर्ड राउंड पिक. टँपाने त्याला सात वर्षं दिली. दुसऱ्यांदा तीच वेळ आली तेव्हा कॅरोलायनाने ताक फुंकून प्यायलं. विचारलं, उत्तर "नाही" असं दिसलं, डेडलाइनच्या आत माल फिरवला. आपली चूक झाली हे सहा आठवड्यांत कबूल करायला जिगर लागते हो, आपण साधा चुकीचा फ्लॅट बुक केला तरी दहा वर्षं "इन्व्हेस्टमेंट म्हणून चांगलाय" म्हणत बसतो. त्यांचा जनरल मॅनेजर एरिक टुल्स्की म्हणजे केमिस्ट्रीत पीएचडी केलेला माणूस, आधी हौस म्हणून हॉकीच्या आकडेवारीवर लिहायचा, तिथून टीममध्ये आला आणि २०२४ मध्ये जीएम झाला. असा माणूस अहंकारापायी प्रयोग चालू ठेवत नाही, रिॲक्शन होत नाहीये म्हटल्यावर बर्नर बंद करतो.

आता कोणी म्हणेल दोनच गोल केले म्हणून काढला. मला नाही तसं वाटत, आणि तसं असेल तर ते चूकच. १३ मॅचमध्ये माणूस कळत नाही. मला स्वतःला एका कंपनीने तीन आठवड्यांच्या नोटिशीवर पुण्याहून इकडे पाठवलं होतं, बायको तिकडे, सामान अर्धं इकडे अर्धं तिकडे, पहिले दोन महिने मी ऑफिसात काय काम केलं विचाराल तर खरं सांगतो, लॉगिन. त्या काळातल्या कामावरून माझं अप्रेझल झालं असतं तर पुढच्या विमानाने परत आलो असतो. रांतानेन जवळजवळ दहा वर्षं एका टीममध्ये वाढला आणि एका रात्रीत दुसरा लॉकर, दुसरी सिस्टिम, दुसरे लाइनमेट. कॅरोलायनाने त्याच्या गोलांवरून निर्णय घेतला नाही, त्याच्या उत्तरावरून घेतला, आणि मोजायची गोष्ट तीच होती.

बरं, माल फिरवता येणं किती महत्त्वाचं हे या खेळाचा इतिहासच ओरडून सांगतो, फक्त आपण पहिल्या पानावर थांबतो. ९ ऑगस्ट १९८८, एडमंटनने वेन ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसला दिलं. सचिन तेंडुलकर ऐन भरात असताना मुंबईने त्याला रणजीसाठी दिल्लीला विकला असता तर शिवाजी पार्कात काय झालं असतं त्याची कल्पना करा, तसं काहीतरी. मालक पॉकलिंग्टनला पैसे हवे होते, १५ मिलियन डॉलर रोख आले, शिवाय जिमी कार्सन, मार्टिन जेलिना आणि तीन फर्स्ट राउंड पिक. आता हा कार्सन, आदल्या वर्षी ५० च्या वर गोल केलेला पोरगा, एडमंटनमध्ये काही रमला नाही, त्याने सरळ मला सोडा म्हणून सांगितलं. १९८९ च्या नोव्हेंबरात त्याला डेट्रॉइटला पाठवला आणि बदल्यात आले क्लिमा, जो मर्फी, ॲडम ग्रेव्ह्ज. मर्फी, ग्रेव्ह्ज आणि तो जेलिना अशी पोरांची एक लाइन तयार झाली, आणि १९९० मध्ये एडमंटनने ग्रेट्झकीशिवाय कप जिंकला. ग्रेट्झकीच्या लॉस एंजेलिसने एकदाच फायनल गाठली, १९९३ ला, आणि माँट्रियलकडून हरले. ट्रेडच्या दिवशी मार्क देणाऱ्यांनी एडमंटनला शून्य दिलं असणार.

लिंड्रोसचं तर त्याहून भारी. १९९१ ला क्युबेक नॉर्डिक्सने एरिक लिंड्रोसला पहिल्या नंबरवर घेतला आणि तो म्हणाला मी तुमच्याकडे खेळणारच नाही. वर्षभर खेळला नाही. १९९२ च्या जूनमध्ये क्युबेकवाल्यांनी कहर केला, त्याला एकाच वेळी फिलाडेल्फियालाही दिला आणि न्यूयॉर्क रेंजर्सलाही, अगदी एक फ्लॅट दोघांना विकणाऱ्या बिल्डरसारखं, शेवटी लवाद नेमावा लागला आणि निकाल फिलाडेल्फियाच्या बाजूने लागला. क्युबेकला मिळालं पीटर फोर्सबर्गसकट सहा प्लेअर, दोन फर्स्ट राउंड पिक आणि १५ मिलियन डॉलर. त्यातल्या एका पिकवर घेतला जोसलिन तिबो नावाचा गोली, म्हणजे गोलकीपर. १९९५ ला टीमच क्युबेक सोडून डेन्व्हरला गेली, तीच आजची कोलोराडो. त्याच डिसेंबरात माँट्रियलचा थोर गोली पॅट्रिक रॉय डेट्रॉइटविरुद्ध ९ गोल खाल्ल्यावर बेंचवर आला, मागे बसलेल्या प्रेसिडेंटकडे गेला आणि ही माझी इथली शेवटची मॅच म्हणून सांगून टाकलं. चार दिवसांत तो कोलोराडोत, आणि त्याच्या बदल्यात जे तिघे माँट्रियलला गेले त्यात तिबो होता. १९९६ ला कोलोराडोने कप उचलला. म्हणजे लिंड्रोसच्या सौद्यातून आलेला एक पिक, पिकचा झाला गोली, गोलीच्या जोरावर आणला रॉय. लिंड्रोस चांगलाच खेळला, १९९५ ला हार्ट ट्रॉफीही (लीगच्या सगळ्यात मोलाच्या प्लेअरची) मिळाली, पण फिलाडेल्फियाचं सगळं भांडवल एका देहात अडकलं होतं आणि त्या देहाच्या डोक्याला मार बसत गेले.

आता सहीचं बघू, कारण खरी मेख तिथे आहे. जुलै २०२२. कॅल्गरीचा मॅथ्यू कचक (नाव लिहिताना इंग्रजीत पुढे टी असतो, उच्चारात नसतो) म्हणाला मी इथे लांबचा करार करणार नाही. कॅल्गरीचे हात दगडाखाली. तरी त्यांनी फ्लोरिडाकडून जोनाथन ह्युबर्डो, ज्याने नुकताच ११५ पॉइंटचा सीझन केला होता, वर मॅकेन्झी वीगर हा चांगला डिफेन्समन, एक तरुण पोरगा आणि फर्स्ट राउंड पिक एवढं काढलं. अडलेल्या माणसाने यापेक्षा चांगला सौदा केल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. लोकांनी वाहवा केली, मीही केली.

आणि दोन आठवड्यांत कॅल्गरीने ह्युबर्डोला आठ वर्षं, ८४ मिलियन दिले. त्यांच्यासाठी एक मॅच खेळायच्या आधी! वय २९. पहिल्याच सीझनमध्ये तो ११५ वरून ५५ पॉइंटवर आला. त्याच्या जुन्या करारात अजून एक वर्ष बाकी होतं, थांबता आलं असतं, बघता आलं असतं, जमेना तर कॅरोलायनासारखं डेडलाइनला फिरवता आलं असतं. पण कचक गेला, त्याआधी दुसरा स्टार गोड्रो गेला, लोक म्हणतील इथे कोणी राहत नाही, या भीतीपोटी सही केली. ट्रेड उत्तम होता, तो सहीने खाल्ला. १०.५ मिलियनचं ते कॉन्ट्रॅक्ट आता कोण घेणार?

इथे कोणी मला लगेच अडवेल, फ्लोरिडानेही कचकला आल्या आल्या आठ वर्षं दिलीच की, ९.५ मिलियनने, आणि २०२३ ला फायनल, २०२४ ला कप, २०२५ ला परत कप. बरोबर आहे. पण तो २४ वर्षांचा होता. आठ वर्षांनी ३२. ह्युबर्डो आठ वर्षांनी ३८ ला पोचणार. तुम्ही प्लेअरची कोणती आठ वर्षं विकत घेताय हा प्रश्न आहे, बैल बाजारात दात बघतात ते उगाच नाही. रांतानेन नवीन कॉन्ट्रॅक्ट सुरू होताना २८ चा, संपताना ३६ चा. डॅलसने जी रिस्क घेतली ती कॅरोलायनाच्या कैक पट मोठी आहे, फक्त ती २०३० नंतर दिसेल म्हणून आज कोणी हसत नाहीये.

आयपीएलवाल्यांना हे पटकन कळत नाही असा माझा अनुभव. नागपूरचा एक मित्र आहे, तो म्हणतो अरे हार्दिक पांड्याला मुंबईने २०२३ च्या नोव्हेंबरात गुजरातकडून उचलला, कॅप्टन केला, वानखेडेवर आपल्याच लोकांनी हुर्यो उडवली, २०२४ ला मुंबई दहापैकी दहावी आली, मग? काय बिघडलं? आणि त्याचं बरोबर आहे, फारसं नाही बिघडलं, कारण आयपीएलमध्ये दर तीन वर्षांनी मेगा ऑक्शन येतं आणि पाटी पुसली जाते. इकडे पाटी पुसत नाहीत. इकडे २०२२ ला केलेली चूक २०३१ पर्यंत दर महिन्याला पगार घेते, आणि बऱ्याचदा तिच्याकडे "मला हलवायचं नाही" असं लेखी कलम पण असतं. २०२६ च्या सप्टेंबरपासून लागू होणाऱ्या, लीग आणि प्लेअर्सच्या युनियनमधल्या नवीन करारात कॉन्ट्रॅक्टच्या वर्षांची मर्यादा कमी केलीये, स्वतःच्या प्लेअरला जास्तीत जास्त सात वर्षं आणि बाहेरच्याला सहा. एकच वर्ष कमी, पण मालकांना आपल्याच माणसांच्या हातात पेन द्यायची भीती वाटायला लागलीये एवढं त्यातून कळतं.

आमच्या टोरंटोच्या लीफ्सबद्दल बोललो नाही तर घरात घेणार नाहीत. १९६७ पासून कप नाही, हे सगळ्यांना पाठ आहे, इथे पोरं पाढ्यांच्या आधी शिकतात. लीफ्सच्या चाहत्यांना वाटतं की आपली वाट मोठ्या ट्रेडने लागली, आणि २००९ च्या केसलच्या वेळी तसं झालंही, दोन फर्स्ट आणि एक सेकंड राउंड पिक बॉस्टनला दिले, त्यातल्या पहिल्यावर त्यांनी टायलर सेगिन घेतला आणि २०११ ला बॉस्टनने कप जिंकला तेव्हा तो पोरगा टीममध्ये होता. पण मला विचाराल तर लीफ्स किरकोळ उधारीने बुडालेत. ७ मार्च २०२५, म्हणजे ज्या दिवशी रांतानेन डॅलसला गेला बरोबर त्याच दिवशी, लीफ्सने काय केलं? बॉस्टनच्या ब्रँडन कार्लोसाठी २०२६ चा फर्स्ट राउंड पिक आणि फ्रेझर मिंटन, वर एक फोर्थ. फिलाडेल्फियाच्या स्कॉट लॉटनसाठी २०२७ चा फर्स्ट राउंड पिक आणि निकिता ग्रेबेन्किन. दोन फर्स्ट, दोन पोरं, आणि घेतलं काय तर एक बरा डिफेन्समन आणि एक थर्ड लाइनचा सेंटर. मे महिन्यात प्लेऑफच्या सात मॅचच्या सिरीजमध्ये फ्लोरिडाविरुद्ध पाचवी मॅच घरी १-६ हरले आणि सातवी मॅच घरी १-६ हरले. एवढ्यात तर कॅरोलायनाकडून एखादा रांतानेन विकत घेता आला असता! कार्लो, लॉटन दोघेही नेक प्लेअर आहेत, त्यांचा काही दोष नाही, पण फर्स्ट राउंड पिक देऊन जो माल घेतला तो पुढे विकायला गेलात तर कोणी फर्स्ट राउंड पिक देणार नाही. किराणा दुकानात सोनं मोडून साखर आणल्यासारखं. अशा ट्रेडला कोणी ब्लॉकबस्टर म्हणत नाही म्हणून त्याची रिस्क कोणी मोजतच नाही, हेडलाइन पण येत नाही.

आणि मार्नर, लीफ्सचा स्टार. त्याच्याबद्दल लिहायला बसलो की हात जड होतो. सहा वर्षांचा करार, हलवायचं नाही असं कलम, त्यामुळे टीमकडे करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, शेवटी २०२५ च्या उन्हाळ्यात करार संपता संपता तो व्हेगासला गेला, आठ वर्षं ९६ मिलियन, आणि लीफ्सला मिळाला निकोला र्‍वा. शंभर पॉइंट करणाऱ्याच्या बदल्यात एक कामाचा सेंटर. हीसुद्धा सहीचीच करणी, फक्त २०१९ सालची.

कोलोराडोचं काय, असं तुम्ही विचाराल, त्यांनी तर सही टाळली. हो, पण त्यांनी भीतीने टाळली आणि भीतीचं टायमिंग बघा. ट्रेड २४ जानेवारीला, आणि ३१ जानेवारीला लीगने पुढच्या तीन वर्षांची कॅप जाहीर केली, ९५.५, मग १०४, मग ११३.५ मिलियन. आठवड्याभरात १२ मिलियनचा प्लेअर एकदम परवडण्यासारखा दिसायला लागला. कॅप वाढणार याचा अंदाज सगळ्यांनाच होता, कोलोराडोला नव्हता असं मी म्हणणार नाही, तरी घाई केली. मग ३ मे ला डॅलसविरुद्ध सातवी मॅच, कोलोराडो थर्ड पिरियडमध्ये २-० ने पुढे, आणि रांतानेनने त्या एका पिरियडमध्ये हॅटट्रिक मारून आपल्याच जुन्या टीमला घरी पाठवलं, ४-२. सातव्या मॅचच्या थर्ड पिरियडमध्ये हॅटट्रिक त्याआधी एनएचएलमध्ये कोणीच मारली नव्हती. मी ती मॅच बघताना उभा होतो, बायको म्हणाली आपली टीम नाही ना ही, मग बस की खाली. (पुढे एडमंटनविरुद्धच्या पाच मॅचमध्ये त्याचा एकही गोल झाला नाही आणि डॅलसही हरलं, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर मी पण एका रात्रीवरून मार्क देतोय असं होईल.)

खरी गंमत ऑक्टोबरात झाली. नेचासचं ६.५ मिलियनचं कॉन्ट्रॅक्ट २०२६ ला संपत होतं, म्हणजे कोलोराडो फिरून त्याच चौकात. आणि त्यांनी त्याला दिले आठ वर्षं, वर्षाला ११.५. रांतानेनला डॅलस देतंय १२. फरक अर्ध्या मिलियनचा. नेचास दोन वर्षांनी लहान आहे, पळतो सुसाट, मॅकिननबरोबर त्याचं जमतं पण छान, पण मग एवढी उलथापालथ केली ती अर्ध्या मिलियनसाठी? उलट कॅरोलायनाकडे बघा, रांतानेनला जे द्यायचे होते ते पैसे शिल्लक राहिले, स्टँकोव्हनला आठ वर्षं सहा मिलियनने बांधला, तो तेव्हा २२ चा, आणि जुलैत निकोलाय एलर्सला ८.५ ने आणला. शिवाय डॅलसचे पिक आहेतच. तेही आठ वर्षांच्या सह्या करतात, करत नाहीत असं नाही, पण बावीस वर्षांच्या पोराची आठ वर्षं घेतात.

२०२५ च्या डिसेंबरात मिनेसोटाने व्हँकुव्हरकडून क्विन ह्यूज आणला तेव्हा रिंकवर परत तेच, काचेमागे फोन आणि मार्क. तीन तरुण पोरं दिली, रॉसी, बुइयम आणि ओग्रेन, वर २०२६ चा फर्स्ट राउंड पिक. महाग आहे, पण माझ्या मते बरोबर केलं, कारण ह्यूजचा करार २०२७ च्या उन्हाळ्यापर्यंत आहे, म्हणजे दोन प्लेऑफ हातात आणि मधे एक अख्खा उन्हाळा त्याला विचारायला. तो हो म्हणाला तर उत्तम. नाही म्हणाला तर मिनेसोटाच्या जीएमला कॅरोलायनासारखं काळीज करता येतं का ते बघायचं, कारण तेव्हा सगळे त्याला सांगत असतील की थोडं थांब, अजून थोडे पैसे वाढव, तयार होईल तो. आपल्या स्टार कपरीझोव्हला त्यांनी वर्षाला १७ मिलियन दिलेच आहेत, हात एकदा सैल सुटला की सुटतो.

आमच्या घरी मार्नरची १६ नंबरची जर्सी आहे, एका बाजूचा ६ धुऊन धुऊन कोपऱ्यातून उचकटलाय, मी एकदा इस्त्रीने चिकटवायला गेलो तर अजून वाकडा झाला. चिरंजीव ती आता घालत नाहीत. परवा दुकानात लीफ्सच्या नाइजची २३ नंबरची बघून आले आणि म्हणाले, बाबा, घेऊ या ना. किंमत बघितली, गप्प झालो, मग म्हटलं त्याचं कॉन्ट्रॅक्ट किती वर्षांचं आहे ते आधी बघ. त्याने तिथेच फोन काढून बघितलं, २०३१ पर्यंत. म्हणाला, बाबा, मेडियम नको, लार्ज घेऊ.